नऊ नखं

सुरगाण्याची मंजुळा भोये, वय अकरा,
नाशिकच्या सिव्हिलमध्ये, गुडघे पोटाशी घेऊन.

तिच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर झाकून
कडांना लाल नेलपॉलिश लावते मी,
आत हवा शिरू नये म्हणून.

हळूहळू
सायीसारख्या मऊ पेशी ताठरतात,
वाकतात, एकमेकींत अडकतात.
ती भिंगातून बघते:
“ह्यो तं नागली कापायचा इळा!”
हवा मिळाली की सैल होतात पुन्हा.
सगळ्या नाही. हे तिला सांगत नाही.

“बाई, मलाबी लावा ना.”
नऊ नखं रंगवते.
दहाव्यावर ऑक्सिमीटरचा चिमटा, ते कोरंच.

ओला रंग वाळावा म्हणून
ती फुंकरा घालत बसते.
एक्क्याण्णव. नव्वद.
पुरे गं पोरी,
आता श्वास आत घे.