जादा अक्षरांची सोय

क्लाक्सविकच्या धक्क्यावर दुपारी तीनलाच दिवे लागतात.
रान्वा शेडमध्ये, डांबराच्या वासात,
लॅपटॉपवरचा भुसा बाहीने पुसते.
वेबसाइट बांधून देणाऱ्यांची नवी आवृत्ती आली आहे:
पानं दुप्पट वेगाने उघडतील,
फोटो आपोआप कातरले जातील,
गिऱ्हाइकाला मध्यरात्रीही उत्तर देईल
एक न झोपणारा मदतनीस.

"मध्यरात्री होडी कोण घेतं?" काका म्हणतो,
तोंडात दोन खिळे धरून.

तळाशी, बारीक टायपात, एकच ओळ:
जादा अक्षरांची सोय.

काकाच्या नावात एक अक्षर आहे,
पाठीत वाकलेलं, मानेवर आडवी काडी.
त्याला स्वतःचा आवाज नाही.
एयुन म्हणताना जीभ त्याला नुसती ओलांडते,
उंबरा ओलांडावा तशी.
सहा वर्षं साइटवर त्या जागी रिकामी चौकट होती.
डेन्मार्कहून एकाने विचारलंही होतं:
नाव लिहिताना मध्येच थांबलात का?

रान्वा बटण दाबते.
चक्र फिरतं. फिरतं. बंदरातलं नेट तसं बेताचंच.
मग चौकट जाते
आणि तिथे ते बसलेलं असतं, मुकं,
जणू कुठे गेलंच नव्हतं.

काका कपाळावरचा चष्मा खाली घेतो,
बघतो. खिळे तोंडातून काढत नाही.
मग रंगाचा डबा उचलून
नव्या होडीच्या आतल्या फळीवर
कारागीर म्हणून आपलं नाव घालायला जातो,
आणि ती आडवी काडी
जरा लांबच ओढतो.