फडकं

गंगापूर धरणाकडे तोंड केलेल्या या काउंटरवर
मार्चमध्ये पेले धुण्याचं नवं यंत्र आलं.
पेले इतके लख्ख, की फेसाळती वाइन ओतली
आणि काहीच झालं नाही.
गिऱ्हाईक म्हणालं, शिळी दिलीत.

शिळी नव्हती. वायू होता आत, दाटीवाटीनं,
त्याला उठायला जागा नव्हती.
नितळ काचेवर बुडबुडा धरत नाही;
त्याला लागते एखादी खाच, एखादा तंतू,
ज्याच्या पोकळीत कणभर हवा
भिजायची राहून गेलीय.

मग मखमलाबादहून ठकूबाईंना परत बोलावलं,
त्यांच्या विरत आलेल्या सुती फडक्यासकट.

त्या पुसतात. तंतू राहतो.
त्यातून टाचणीच्या टोकाएवढं काही फुगतं,
धाग्याला धरून राहतं, राहतं,
वरची ओढ पकडीहून मोठी झाली की
सुटतं.
सगळं जात नाही पण. थोडं मागं राहतं
पोकळीतच, पुढच्यासाठी.
असा एकाखाली एक, मोत्यांचा सर.

"माझ्या फडक्यात असं काय असतं रं?"
"हवा, मावशी."
त्या हसल्या,
आणि पुढचा पेला उजेडाला धरून
जरा कमीच पुसला.