चार तोंडांचा तक्ता

बालवाडीच्या भिंतीवर चार तोंडं आहेत:
हसरं, रडकं, भ्यालेलं, चिडलेलं.
चौथ्यावर पट्टी ठेवून बाईंनी विचारलं,
"हे काय करतंय?"
माझी पोर म्हणाली, "लाड."

बाईंनी मला थांबवून घेतलं.
घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं.
कसं सांगायचं त्यांना
की आमच्या घरी लाड असाच दिसतो:
भुवया आवळलेल्या, दातांत चामड्याची वादी,
आणि दार उघडताच आरोळी,
"ये गं सटवे, कुठं उलथली हुतीस दिसभर?"
मग खिशातनं निघणारी, धागे चिकटलेली
लिमलेटची गोळी.

मी चाळीसगावची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात
मामांनी विचारलं होतं,
"मुडदा बशिवला तुझा, जेवलीस का न्हाई अजून?"
मोरीत जाऊन रडले होते मी.
मुडदा ऐकला. जेवलीस का, ते ऐकलंच नाही.

ही मात्र शब्दांच्या आधीपासून ऐकत होती.
नऊ महिन्यांची असेल. खाली दुकानात
दगडावर कातडं ठोकायला सुरुवात झाली.
हिनं रडायला तोंड उघडलं, आणि थांबली.
माझ्याकडं बघितलं.
मी मेथी निवडत होते. निवडत राहिले.
तिनं तोंड मिटलं.
एवढंच. पण तेव्हापासून
माझा चेहरा माझ्या एकटीचा राहिला नाही.

मग ती जिना शिकली. म्हणजे जिन्यावरचा आवाज:
कापशी कर्रकर्र सलग वाजली तर आजोबांचा माल खपलाय,
मधल्या पायरीवर अडली तर गुडघा,
वाजलीच नाही तर चप्पल हातात आहे
आणि त्यांना कुणाशी बोलायचं नाही.
दीड वर्षाची पोर दाराशी पळायची,
किंवा पळायची नाही.

चुकायचीही. भरपूर.
बाबाच्या जांभईला घाबरायची.
माझं डोकं दुखत होतं तेव्हा
स्वतःची चोखून ओली केलेली दुपट्याची कड
माझ्या तोंडात कोंबली.
रंकाळ्यावर एका मुलाची भेळ सांडली,
तो भोकाड पसरून रडला, ही खदखदून हसली,
मग त्याच्या आईचं तोंड बघितलं
आणि माझ्या पदरात शिरली.

गेल्या बुधवारी जेवताना ह्यांनी विषय काढला.
दुकानाचा गाळा मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊ,
हातानं शिवलेली घेतंय कोण आता,
तुमचीही नजर गेली.
मामा भाकरी मोडत म्हणाले,
"बरं. आपण म्हणाल तसं करू."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं: बघ, ऐकलं.
मीही निश्चिंत होऊन रस्सा वाढला.
सात वर्षं झाली या घरात,
आणि ते "आपण" माझ्या कानावरनं तसंच गेलं.

पोरीनं घास खाली ठेवला.
उठून दाराकडं गेली,
आजोबांच्या चपलांत पाय घालून
कर्र... कर्र... फरपटत
त्यांच्या ताटापाशी येऊन उभी राहिली.
"आजोबा, मला शिवी द्या."

"बस खाली," मामा म्हणाले.
"द्या की."
ते ताटातल्या मिठाकडं बघत होते.
"...सटवे."

मान वाकडी करून तिनं ऐकलं,
जुने लोक नाणं वाजवून ऐकायचे तसं.
"तशी न्हाई," म्हणाली.
"खरी."