चार मिनिटं उशीर

डिसेंबरात इनारीला सूर्य येतच नाही.
शाळेची बस मी काढते तेव्हा रात्र,
मुलांना परत सोडते तेव्हाही रात्रच.
मधे थोडा वेळ आभाळ निळसर होतं,
दुधात शाईचा थेंब पडावा तसं,
आणि पुन्हा मिटतं.

एकोणीस वर्षं झाली या रस्त्याला.
थांबे मला माणसांवरून पाठ आहेत:
पुलापाशी लेहतोलांची जुळी, सदा भांडत;
पेट्रोलपंपावर ती उंच मुलगी, कानात गाणी;
आणि सातव्या किलोमीटरला, जिथं घर दिसत नाही,
नुसती एक पाऊलवाट झाडीत शिरते,
तिथं हेडलाइटमध्ये दोन ठिपके चमकतात.
एक गुडघ्याच्या उंचीवर, एक त्याहून खाली.
बाप आणि लेक,
कोटांना दोरीनं लटकवलेल्या त्यांच्या चकत्या.

मुलाचं नाव योव्ना. वय सात.
बाप हान्सा रेनडियर राखतो,
आणि बोलतो इतकं कमी
की त्याचं 'हं'सुद्धा मोजून घ्यावं.

त्या मंगळवारी पोरगं बसमध्ये चढेना.
दार उघडं, उणे अठ्ठावीसची हवा आत,
मागून जुळी ओरडली, 'चल ना!'
मी घड्याळ पाहिलं. ओठांवर आलंच होतं
ते वाक्य, जे आमच्या घरी माझ्यासाठी
रोज घडी घालून ठेवलेलं असायचं:
'एवढ्याशाला काय रडायचं?'

हान्सा बर्फात बसला.
वाकला नाही, उकिडवाही नाही, फतकल मारून बसला,
जणू आज दिवसभर हेच काम आहे.
'कुठं आहे रे भीती?' म्हणाला.
'पोटात? घशात?'
पोरानं बराच वेळ शोधली.
खरंच शोधली, खिशात किल्ली चाचपावी तशी.
'गुडघ्यात.'
'हं. मग गुडघ्यांना जरा बसू दे.'
आणि दोघं बसले.
कुणी कुणाला शूर म्हटलं नाही.
'काही नाही होत' असंही म्हटलं नाही.
(होत होतंच की काहीतरी.)

चार मिनिटं.
वहीत मी कारण लिहिलं: रस्त्यावर बर्फ.
खोटं नव्हतं ते.

मग पोरगं उठलं. बापानं त्याच्या पाठीमागचा बर्फ
दोन चापट्यांनी झटकला, इतकंच.
बस निघाली. आरशात तो ठिपका
जागचा हलला नाही.
पोरगंही मागच्या काचेतून पाहत होतं.
वळण आलं.
मग ते पुढं पाहू लागलं.

माझा बाप वाईट नव्हता.
माझे बूट तो रोज रात्री शेगडीपाशी वाळवायचा,
आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून,
सकाळी पाय घातला की ऊब.
रडू मात्र मी ओलंच चढवत आले,
आज छप्पन्नाव्या वर्षापर्यंत.
त्याला कुणी शिकवलं असतं, तर वाळवलंही असतं त्यानं.
मी माझ्या मुलाला काय दिलं,
हे त्याला विचारायचं राहून गेलंय.
तो ओउलूला असतो. रविवारी फोन करतो. हवामान सांगतो.

मार्चमध्ये उजेड परतला. पंपावर नवी मुलगी आली,
साइमी, मुळूमुळू रडणारी.
योव्ना चालत्या बसमध्ये जागेवरून उठला.
नियमाविरुद्ध आहे ते. मी ओरडले नाही.
तिच्यापाशी जाऊन काहीतरी पुटपुटला,
इंजिनाच्या घरघरीत ऐकू आलं नाही.
आरशात एवढंच दिसलं:
मुलीनं विचार केला,
आणि स्वतःच्या कानामागं बोट ठेवलं.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली.
मी इंजिन बंद केलं, हातमोजे काढले.
कुठं आहे गं तुझं, तेल्लेर्वो?
छातीत? मनगटात?
शोधतेय अजून.
डेपोत कळवलंय,
जरा उशीर होईल.