घडीतलं गाव

प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत
कापडावर डकवलेला एक नकाशा आहे.
त्याच्या घडीत नेमकं नागपूर येतं.
घडी झिजत गेली. आता शहराच्या जागी
नुसते पांढरे दोरे.

मी टिंबं देते. पगार त्याचाच.
बोटभर माशाची टिंबं: पोट सपाट,
पंख पसरून तो दगडाला धरून असतो
आणि अख्खा ओढा अंगावरून जाऊ देतो.
सह्याद्रीत तेवीस टिंबं.
तिकडे आसामच्या डोंगरांत एकतीस.
मध्ये काही नाही.
मध्ये आपण.

खानोरकर सर म्हणायचे, तो उडत गेला नाही,
आणि गीतांजली एक्सप्रेसनंही नाही.
मग टेबलावर मूठ आडवी ठेवायचे:
हा सातपुडा. कधीकाळी इथं गार पाणी असेल,
बारमाही, उतारावरचं.
एका ओढ्यानं दुसऱ्याचा उगम खाल्ला असेल
आणि मासा जागेवरून न हलता
पुढच्या खोऱ्यात गेला असेल.
‘न हलता’ ते दोनदा म्हणायचे.
‘असेल’ किती वेळा, ते मी मोजलं नाही.

तीन हिवाळे खुशाल बावणेसोबत पाणी चाळलं,
देवलापारच्या वर, जिथं डिसेंबरात
पाय बधिर होतात आणि जाळं आपोआप थरथरतं.
वहीत नोंदी: झिंगे. मुरे. एक चप्पल, डावी.
शेवटच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य.
शहरात लोक शून्य मैलाच्या दगडापाशी फोटो काढतात.
माझ्याकडे त्याचे मैलच्या मैल आहेत.

तिसऱ्या वर्षी चहा पिताना मी चित्र दाखवलं.
खुशालनं बिडी विझवली.
“हा तं गोटेचाट्या होय जी.”
कुठे पाहिलास?
“पायला कुठी! आजा म्हणे ना.
पोट्टं रडलं का म्हणे, चूप राय,
नाई तं गोटेचाट्यावाणी चिकटवून देईन गोट्याले.”
आजोबांनी पाहिला होता?
“त्यायनं बी नसंन पायला. त्यायच्या आजानं म्हटलं असंन.”

आता याचं काय करू?
शब्दाला खवले नसतात. त्याचे काटे मोजता येत नाहीत.
बरणीत ठेवावा, तर आमच्याकडे मे महिन्यात
बंद झाकणातूनही अल्कोहोल उडून जातो
आणि मासे उघडे पडतात, सुरकुतलेले.
फॉर्मवर रकाने आहेत: तारीख, उंची, अक्षांश,
गोळा करणाऱ्याचं नाव.
रडणाऱ्या पोराला रकाना नाही.

मंगळवारीच्या बाजारात चिलापी मिळते,
मूळची आफ्रिकेची. मी मुद्दाम विचारते, कुठली?
मावशी पाणी शिंपडत सांगते,
“आपल्या अंबाझरीचीच आहे व बाई, ताजी.”
तिचं काही चुकत नाही.
झिरो माइलचे चारी घोडेसुद्धा
कुणा दुसऱ्या गवताळ मुलखातले,
तरी इथल्या उन्हात मान वर करून उभे आहेतच.
जो इथलाच होता, त्याची मात्र
एक धमकी उरली, तीही लाडाची.

सर गेले त्याला आता चार वर्षं झाली.
परवा सगळे गेल्यावर मी खोलीत थांबले.
कूलर बंद, पंखा किरकिरत होता.
टिंब द्यायचं नव्हतं. टिंबाला पुरावा लागतो.
वाटलं, एक पोकळ गोल काढावा,
बारीक, खोडता येईल असा.

पेन्सिल दोऱ्यांवर उमटेना.
कागदच नाही तिथं.
जोर दिला तसं टोक दोन दोऱ्यांमध्ये गेलं
आणि अडकलं.
मी हात काढून घेतला.
पंख्याचा वारा अंगावरून जाऊ देत
ती तिथंच धरून राहिली.