पंचेचाळीस ग्रॅम

मूस जॉच्या कर्लिंग क्लबातला बर्फ मार्चअखेर उतरवतात
आणि त्या ओल्या सिमेंटवर
जुन्या खेळगाड्यांची टेबलं लागतात.
पुठ्ठ्यावर लिहिलेलं : चार डॉलरला एक, दहाला तीन.
तीनच्या खाली दोनदा रेघ.

एकतीस वर्षं मी यार्डात खरे डबे तपासले.
हातोडीनं चाक वाजवायचं.
धड चाक घंटेसारखं बोलतं,
तडा गेलेलं मडक्यासारखं.
इथे हातोडीचं काम नाही.
खिशात काचेचा तुकडा, घरातला छोटा काटा, आणि नखं.

डबा काचेवर ठेवायचा.
आठही चाकं टेकली पाहिजेत.
सात टेकली, तर पहिल्याच वळणावर
आठवं आठवण करून देतं.
मग हलकी फुंकर.
लोखंडी चाकं काचेच्या काठापर्यंत जातात,
प्लास्टिकची वीतभर जाऊन विचारात पडतात.

शिडी बघायची. स्वस्तातल्या डब्याची शिडी
अंगातूनच उठलेली असते,
तिच्यामागून सुईसुद्धा जात नाही,
गार्ड कुठून चढणार?
रंगावर जाऊ नये.
रंग हा या बाजारातला सगळ्यात स्वस्त माल.

थोर्डिसच्या टेबलावर धान्याचे नऊ डबे,
सगळे तांबडे, सगळ्यांवर 'सस्कॅचेवान',
सगळ्यांत एक अक्षर कमी.
"आयनारचे," ती म्हणाली. "भिकार आहेत, ओरेस्ट.
तो स्वतःच म्हणायचा. सारखे घसरतात."
गिऱ्हाइकाला असं सांगणारी बाई
मी या हॉलमध्ये पहिल्यांदा पाहिली.

आठ डबे काट्यावर अडुसष्ट ग्रॅम.
एवढ्या लांबीला एकशे तेरा हवेत,
नाहीतर इंजिनानं ओढलं की डबा उडी मारतो,
पोरासारखा, नुसता हात धरला म्हणून.
नववा : एकशे तेरा.
मी काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवला.
एकशे तेरा.

छप्पर नखानं उचकटलं.
आत पुटीनं बसवलेले पेनी,
मेपलच्या पानाचे, जुन्या तांब्याचे, चौदा,
दोन्ही टोकांना सात-सात,
म्हणजे तोल जाऊ नये.
हे नाणं सरकारनं बंद करून किती वर्षं झाली.
कुठल्याच गल्ल्यात ते नाही.
इथे आहे, छपराखाली, भार म्हणून.

"एकच केला का त्यानं?" मी विचारलं.
"शेवटचा असेल," ती म्हणाली,
आणि शेजारच्या टेबलावरचा पूल बघत राहिली,
विकत घ्यायचा नसलेला.

मी उलटा करून पाहिला. तरीही हा घसरत असणार:
मागची दोन चाकं आसावर जरा जवळ आलेली.
केसाएवढी. बोटांनी पिळून बाहेर ओढली.
फुकटातलं काम.
आयनारनं वजनाचं सगळं बरोबर केलं
आणि दोष दुसरीकडे होता.
हे तिला सांगू की नको, यात थोडा वेळ गेला.
सांगितलं.
ती हसली. "म्हणजे बारा वर्षं तो काट्याशीच भांडत होता."

आता किंमत.
"हा चारचा नाही," मी म्हणालो.
"मग?"
"चार डॉलर चौदा सेंट."
तिनं डबीतली चिल्लर चाळवली,
मी चार डॉलर पंधरा दिले,
आणि आम्ही दोघंही त्या उरलेल्या एका सेंटपाशी अडलो.

बाकीचे आठही घेतले, दहाला तीनच्या हिशेबात न बसणारे.
त्यांच्यासाठी शिसं आणावं लागेल,
चाकं बदलावी लागतील, म्हणजे डब्यापेक्षा चाकं महाग.
हा व्यवहार कोणालाही सांगण्यासारखा नाही.

रात्री तळघरात नववा एकटाच सोडला.
जोडावरून जाताना त्याचा आवाज
इतरांपेक्षा खालच्या पट्टीत येतो.
मी दिवा न लावता
तो किती फेऱ्या घसरत नाही ते मोजत बसलो.