भाच्याचा वाढदिवस

भाच्याचा वाढदिवस, म्हणाला ताइस्तो,
पन्नास युरोची दोन कार्डं दे.
नोव्हेंबर. केमीत अडीचलाच काळोख.
काउंटरवर हातमोजे, त्यांवरचा बर्फ वितळून
लॉटरीच्या चिठ्ठ्यांखाली शिरलेला.
मी दिली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा भाचा.
त्याच गुरुवारी शंभराची तीन.
कितवं लागलं भाच्याला, विचारलं,
तर म्हणाला, अकरावं.
मग थांबून, बारावं.

कंपनीनं गल्ल्याशेजारी कागद चिकटवलाय:
गिऱ्हाइकाला विचारा, फोनवरून कुणी
ही कार्डं घ्यायला सांगितलंय का.
मी विचारते. सगळेच नाही म्हणतात.
मान हलते, डोळे सिगारेटच्या फळीवर.

बत्तीस वर्षं कागदाच्या गिरणीत होता.
गिरणी बंद झाली,
झोप तेवढी रात्रपाळीवरच राहिली.
डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, मग कमी केल्या,
मग म्हणाल्या, चालत जा.
चालला. समुद्र गोठेपर्यंत काठानं चालला,
गोठल्यावर त्याच्यावरून.

हे मला नंतर कळलं,
पाचव्या खेपेला, जेव्हा त्यानं कार्डं मागितलीच नाहीत.
कॉफी घेतली. साखर टाकलीच नव्हती,
तरी ढवळत राहिला.
सिर्का, कस्टमचं पत्र कसं असतं गं?
म्हणजे कुणाला आलं तर. असंच विचारतोय.

आणि फोन पुढे सरकवला.
वर सरकारी सिंह, कडेनं ताणलेला, जरा सुजलेला.
खाली लाल अक्षरं: तुमचं पार्सल पकडलंय.
झोपेच्या वीस गोळ्या. नाव आहे, पत्ता आहे.
आज सहाच्या आत दंड भरा,
नाहीतर गाडी दाराशी येईल.
दंड कार्डांतच. मागचा नंबर खरवडून फोटो पाठवा.

ज्यानं गोळ्या विकल्या
त्यानंच त्या पकडल्या.
पार्सल कुठून निघालंच नव्हतं.
पण हे सांगायचं कुणाला?
चौकीत जाऊन म्हणायचं काय,
की साहेब, मी चोरून मागवलं आणि मला फसवलं?
तोंड दाबून बुक्क्यांचा मार,
त्यात तोंड दाबणारा हात आपलाच.

मी मागच्या खोलीत गेले.
दुधाच्या क्रेटवर चढून, बुटांच्या खोक्यातून
येरेचं पत्र काढलं. माझ्या मुलाचं.
सहा वर्षं झाली. त्याच्या बापालाही
दाखवलं नव्हतं.

हे बघ, म्हटलं, हे खरं.
टपालानं आलं. लाल काही नाही.
दोन भाषांत, दोन्हींत सारखंच कंटाळवाणं.
कलम, प्रकरण क्रमांक, खुलाशाची तारीख,
तीही महिनाभर पुढची.
तेव्हा मी रात्रभर वाचलं होतं धमकी शोधत.
ओल्या लाकडासारखं पत्र, कुठूनही पेटेना.

मग येरेचं काय झालं?
दंड झाला. हप्त्यांनी फेडला.
चौकशी करणारी बाई सर्दीनं बेजार होती,
रुमाल त्यालाच मागितला म्हणे.

ताइस्तो हसला नाही.
पत्र दोनदा वाचलं, ओळीखाली बोट धरून.
मग कोपरा अंगठ्यात चोळला, दिव्यापुढे धरला.
ऐंशी ग्रॅम, म्हणाला.
आमच्या गिरणीचा नाही.

सहाला दहा कमी. फोन थरथरला.
त्यानं तो हातमोज्यांखाली सारला,
आणि आम्ही दोघं
त्या हलणाऱ्या हातमोज्यांकडे बघत राहिलो,
जणू आत काहीतरी जिवंत आहे.
थांबलं. पुन्हा सुरू झालं. थांबलं.

कॉफीचे पैसे तो विसरला,
मी आठवण केली नाही.
दार उघडून, बाहेरची थंडी आत सोडत, म्हणाला,
भाचा आहे पण खरा.
रोवानिएमीला असतो. सव्वीस वर्षांचा.
वाढदिवस मार्चमध्ये.